श्यामच्या अंघोळीचे काय करायचे?

२०२३ च्या फेब्रुवारीत माटिल्डाच्या वाचनातून भारत नाहीसा झाला. रोआल्ड डालच्या कादंबरीतली ही चिमुरडी पुस्तके वाचता वाचता जगभर हिंडते. कॉनरॅडबरोबर जुन्या शिडाच्या जहाजांतून, हेमिंग्वेबरोबर आफ्रिकेत, किपलिंगबरोबर भारतात. पफिनने काढलेल्या सुधारित आवृत्तीत कॉनरॅडच्या जागी जेन ऑस्टिन आली आणि किपलिंगच्या जागी स्टाइनबेक. स्टाइनबेक आला म्हटल्यावर माटिल्डालाही भारताऐवजी कॅलिफोर्नियाला जावे लागले. किपलिंग साम्राज्याचा भाट होता, हे कोणी नाकारत नाही. पण त्याच्यापासून आमचे रक्षण करायला निघालेल्या मंडळींनी रक्षणाच्या भरात आम्हालाच पुस्तकाबाहेर काढले, ही गंमत लंडनमधल्या फारशा कोणाच्या लक्षात आलेली दिसत नाही.

असे बदल शेकड्यांनी होते. चॉकलेटच्या कारखान्यातला ऑगस्टस ग्लूप पूर्वी ‘लठ्ठ’ होता, तो ‘प्रचंड’ झाला. मिसेस ट्विट ‘कुरूप’ राहिली नाही, नुसतीच ओंगळ उरली. एका पुस्तकातल्या यंत्रांचा काळा रंग गेला. चेटकिणींच्या गोष्टीत चेटकिणी टकल्या असतात आणि टोप घालतात. तिथे एक नवे वाक्य आले की बायका इतरही पुष्कळ कारणांनी टोप घालतात आणि त्यात काही वावगे नाही. हे वाक्य डालचे नाही, हे सांगायला समीक्षक लागत नाही. दहा वर्षांच्या मुलालाही ते ऐकू येते, कारण डाल कधी मुलांची समजूत काढत बसत नसे. एखाद्या खोडकर आजोबाच्या तोंडून मध्येच शाळा तपासनीस बोलू लागावा, तसे ते वाक्य वाटते. सलमान रश्दींनी या प्रकाराला सेन्सॉरशिप म्हटले, गदारोळ झाला, आणि आठवड्याभरात प्रकाशकांनी जाहीर केले की जुन्या पाठाची सतरा पुस्तकेही वेगळ्या मालिकेत मिळत राहतील. म्हणजे एकाच लेखकाची एकाच नावाची दोन पुस्तके बाजारात, आणि धंदाही दोन्हींचा.

या प्रकरणावर हसणे सोपे आहे. आपल्याकडे ते बरेच हसूनही झाले. ‘काय हा अतिरेक’ म्हणायचे आणि पुढच्या विषयाकडे वळायचे. पण मला तो प्रश्न इतक्या स्वस्तात सुटेल असे वाटत नाही. कारण ‘अभिजात साहित्याला हात लावू नका’ म्हणणाऱ्यांच्या हातातही सगळी बाजू नाही. खुद्द डालने त्या चॉकलेटच्या कारखान्याच्या पुस्तकाला हात लावला होता. १९६४ च्या पहिल्या आवृत्तीत कारखान्यात राबणारे ऊम्पा-लूम्पा हे आफ्रिकेच्या जंगलातून आणलेले काळे बुटके होते. त्यावर अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संघटनेने आक्षेप घेतला, आणि १९७३ मध्ये डालने ते बदलून त्यांना गोरे, सोनेरी केसांचे आणि लूम्पालँड नावाच्या काल्पनिक देशाचे रहिवासी केले. पुस्तक त्याने काही बिघडले नाही. लेखक जिवंत होता, त्याला एक गोष्ट पटली, त्याने ती केली. ‘मूळ पाठ’ म्हणून आज आपण ज्याच्यासाठी भांडतो, तोही एकदा सुधारलेलाच आहे.

आणि आपल्या परंपरेत तर बदलाची रेलचेल आहे. वाल्मीकीचे रामायण जसेच्या तसे ठेवायचे असते तर ना भावार्थ रामायण झाले असते, ना मोरोपंतांची ती रामायणांची रांग. पण याच परंपरेतला एक माणूस या बाबतीत फार नेमके काहीतरी करून गेला आहे. एकनाथ. रामायण हाती घेतले तेव्हा नाथांनी त्यात हवी तितकी मोकळीक घेतली आणि ग्रंथ आपल्या नावावर, जनार्दनाचा एका म्हणून, लोकांपुढे ठेवला. ज्ञानेश्वरी हाती घेतली तेव्हा मात्र वेगळीच शिस्त. जवळजवळ तीनशे वर्षांत लेखनिकांच्या आणि हौशी भक्तांच्या हातून त्या ग्रंथात भर पडत गेली होती. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ च्या सुमारास, नाथांनी प्रती जमवून पाठ शुद्ध केला आणि शेवटी बजावून ठेवले की यात जो कोणी आपली ओवी घालील, त्याने अमृताच्या ताटात नारळाची नरोटी ठेवली असे समजावे. घालणाऱ्याची ओवी वाईटच असेल असे नाथ म्हणत नाहीत. ती चांगलीही असू शकते. पण ती ज्ञानदेवांची नाही.

माझ्या मते सगळा वाद इथे येऊन ठेपतो. बदल करणे हा गुन्हा नव्हेच. दुसऱ्याच्या नावाखाली, सही न करता बदल करणे हा गुन्हा आहे. नाहूम टेटने १६८१ मध्ये ‘किंग लिअर’चा शेवट गोड केला, कॉर्डेलियाला जगवले, तिचे एडगरशी लग्न लावून दिले. इंग्लंडच्या रंगभूमीवर दीडशे वर्षे हाच लिअर चालला. डॉ. जॉन्सनसारख्या जाड कातडीच्या माणसालाही कॉर्डेलियाचे मरण सोसवत नव्हते. पण टेटने आपले नाव लावले होते. आज आपण त्याला हसू शकतो, कारण हसायला कोणीतरी आहे. थॉमस बाउडलर आणि त्याची बहीण हेन्रिएटा यांचा ‘फॅमिली शेक्सपिअर’ १८०७ मध्ये आला तो निनावी. शेक्सपिअरचे अश्लील शब्द काढून ज्या बाईने तो घरात वाचण्याजोगा केला, तिला आपले नाव छापता येईना, कारण मग ते शब्द तिला कळतात हे कबूल करावे लागले असते. कात्री चालवणाऱ्याला कापलेले सगळे आधी नीट वाचावे लागते, ही या धंद्यातली जुनी पंचाईत आहे.

आता जरा अवघड जागी येऊ. मार्क ट्वेनचा ‘हकलबेरी फिन’. २०११ मध्ये अमेरिकेत अ‍ॅलन ग्रिबेन या प्राध्यापकांनी त्याची एक आवृत्ती संपादित केली, त्यात काळ्यांसाठी वापरला जाणारा तो कुप्रसिद्ध शब्द काढून तिथे ‘गुलाम’ असा शब्द घातला. कादंबरीत तो शब्द दोनशेहून अधिक वेळा येतो. (मी तो इथे छापत नाही. माझ्या लेखाचे त्याच्यावाचून अडत नाही, हकचे अडते.) ग्रिबेन कोणी बावळट माणूस नव्हते, आयुष्यभर ट्वेनचा अभ्यास केलेले होते. त्यांचे म्हणणे साधे होते: वर्गात हा शब्द मोठ्याने वाचणे शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना जड जाते, म्हणून शाळा हे पुस्तकच काढून टाकतात, एक शब्द देऊन पुस्तक वाचत असेल तर काय वाईट? त्यांनी हे प्रस्तावनेत लिहून, नाव लावून केले. त्या अर्थाने त्यांचा व्यवहार पफिनपेक्षा सरळ होता.

तरीही तो फसतो. का फसतो ते पुस्तकातच पाहावे. सहाव्या प्रकरणात हकचा दारूडा बाप सरकारच्या नावाने बोटे मोडतो. त्याचा संताप कशावर आहे? ओहायोतून आलेल्या एका काळ्या माणसावर. तो माणूस स्वतंत्र आहे, प्राध्यापक आहे, त्याला अनेक भाषा येतात, स्वच्छ पांढरा शर्ट घालतो, आणि आपल्या राज्यात मतदानही करू शकतो. ज्याला सही करता येत नाही असा हा गोरा दारूडा त्या माणसाला त्याच एका शब्दाने खाली ओढू पाहतो. तिथे ‘गुलाम’ घालून पाहा. तो गुलाम नाहीच! हाच तर त्या प्रसंगाचा डंख आहे. गुलामी हा कायदा होता, तो बदलता आला. त्या शब्दातली घृणा कायद्याने सुटलेल्या माणसालाही सोडत नव्हती. हकबरोबर तराफ्यावरून पळणाऱ्या जिमचेही तेच. शेवटी कळते की मालकिणीने मृत्युपत्रात त्याला मुक्त केले होते, म्हणजे कथेच्या बऱ्याच भागात तो कायद्याने गुलाम नव्हता. सभ्य शब्द घातला की ट्वेनने दोन वेगळ्या केलेल्या गोष्टी पुन्हा एक होतात, आणि वंशद्वेष हा फक्त गुलामगिरीच्या काळापुरता होता असे एक खोटे समाधान वाचकाच्या पदरात पडते. याच कादंबरीला १८८५ मध्ये कॉन्कर्डच्या ग्रंथालयाने बाहेर काढले होते. हकची भाषा गावंढळ, त्याचे वागणे असभ्य, असा तेव्हाचा आक्षेप; आज बोचणाऱ्या शब्दाशी त्याचा संबंध नव्हता. प्रत्येक पिढीला आपले दुखणे कायमचे वाटते. तिचे ऐकून कापत गेलो असतो तर आतापर्यंत हकच्या हाती फक्त तराफा उरला असता.

हे सगळे साहेबाच्या देशातले म्हणून सोडून देता येणार नाही. ‘श्यामची आई’ घ्या. साने गुरुजींनी ती १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली, १९३५ ला पुस्तक आले. तीत एक प्रसंग आहे. वाटेत एका वृद्ध महार बाईची लाकडांची मोळी पडली आहे आणि ती कोणी उचलून देत नाही, कारण तिला शिवायचे कोणी? श्यामची आई श्यामला सांगते, जा, तिच्या डोक्यावर मोळी दे, आणि घरी येऊन अंघोळ कर. श्याम जातो, मोळी देतो. कोणी हटकले तर तोही सांगतो की मी घरी जाऊन अंघोळ करणार आहे.

या अंघोळीचे काय करायचे?

आजच्या नऊ वर्षांच्या मुलासाठी आवृत्ती काढणाऱ्या सद्भावनेच्या संपादकाला ती खुपणारच. तो म्हणेल, मुख्य गोष्ट दया आहे. अंघोळ काढली तर प्रसंग निर्मळ होतो, आईची थोरवी वाढते, आणि ज्या मुलाच्या पणजीला लोक शिवत नव्हते त्या मुलाला अपमान वाटत नाही. अर्ध्या ओळीचे काम. पण ती अर्धी ओळ काढल्यावर काय उरते? विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरच्या कोकणातली एक ब्राह्मण स्त्री, जिला विटाळ ठाऊकच नाही. अशी स्त्री त्या गावात नव्हती. जी होती तिचे मन म्हातारीकडे धावत होते आणि पाय सोवळ्यात अडकले होते. एवढ्या प्रेमळ, एवढ्या देवभोळ्या, मुलाला सारी प्रभूची लेकरे म्हणून शिकवणाऱ्या माउलीलासुद्धा ती अंघोळ टाळता आली नाही, हे कळले तरच अस्पृश्यता काय ताकदीची गोष्ट होती ते कळते. दुष्टांनी दुष्टपणा केला हे शिकवायला साहित्य लागत नाही. चांगल्या माणसांनीही ती पाळली, हे शिकवायला ‘श्यामची आई’ लागते. गुरुजींनी ती अंघोळ लिहून ठेवली, लपवली नाही. पुढे याच माणसाने १९४७ मध्ये पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषण केले. मोळीपासून पंढरपूरपर्यंतचे अंतर ज्याला मोजायचे आहे त्याला ती अंघोळ पुस्तकात हवी.

संवेदनशील संपादनाचा पुरस्कार करणारे नेहमी दुखावल्या जाणाऱ्याच्या नावाने बोलतात. हेतूबद्दल मला शंका नाही. पण फायदा कोणाला होतो ते पाहायला हवे. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले, त्याआधी १९७२ मध्ये नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’. ही साक्ष आहे. आम्हाला काय म्हटले गेले, कोणत्या शब्दांत, कोणाकडून, याची. आता समजा, त्याच काळातल्या आणि त्याआधीच्या पांढरपेशा साहित्यातून, म्हणींतून, कोशांतून जातिवाचक हेटाळणी आपण सभ्यपणे धुऊन काढली. मग साक्षीदार तेवढा पिंजऱ्यात उभा राहील आणि मुद्देमाल गहाळ झालेला असेल. पन्नास वर्षांनी कोणी विचारले, ‘हे खरंच असं बोलायचे का हो? आमच्या जुन्या पुस्तकांत तर कुठे दिसत नाही’, तर उत्तर काय द्यायचे? मोल्सवर्थच्या कोशात जातींच्या नावाने ज्या म्हणी नोंदल्या आहेत त्या वाचताना मान खाली जाते. जावीच.

हा काही तर्कटपणा नव्हे. २०२५ च्या एप्रिलमध्ये अनंत महादेवन यांचा ‘फुले’ हा चित्रपट प्रदर्शित व्हायच्या आधी ट्रेलर पाहून काही ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतले, सेन्सॉर मंडळाने जातींचे उल्लेख आणि ‘तीन हजार वर्षांची गुलामी’ असे शब्द बदलायला सुचवले, आणि प्रदर्शन दोन आठवडे पुढे गेले. जोतीराव फुल्यांच्या चित्रपटातून जातीचा उल्लेख गाळायचा! कारण तेच दिले जाते: भावना दुखावतात. पफिनच्या संपादकांची कळकळ आणि या मंडळींची कळकळ यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे मान्य. कात्री मात्र तीच, आणि ती ज्याच्या हाती सत्ता त्याच्याकडे फिरत जाते. आपल्या बाजूच्या लोकांनी घालून दिलेला पायंडा दुसऱ्या बाजूला फार आवडतो.

एक आक्षेप मात्र असा आहे की त्याला मी पूर्ण उत्तर देऊ शकत नाही. वर्गात धडा मोठ्याने वाचला जातो, जातीचे नाव येते, आणि पन्नास माना एका बाकाकडे वळतात. त्या बाकावरच्या मुलाला मुद्देमाल, साक्ष, इतिहास या गोष्टी ऐकवणे निर्दयपणाचे आहे. मी एवढेच म्हणेन की तो धडा त्या वयाला, त्या वर्गात नेमू नये. पाठ्यपुस्तक हे निवडीचेच काम आहे. तिथे गाळणे म्हणजे सेन्सॉरशिप नव्हे. सगळे साहित्य सगळ्या वयांना वाचायला देण्याची सक्ती कोणी केलेली नाही. दुसरा उतारा घ्या. पण तोच उतारा घ्यायचा, त्यातले विष काढायचे, आणि खाली लेखकाचे नाव जसेच्या तसे ठेवायचे, हे त्या मुलालाही फसवणे आहे. तो मोठा होऊन मूळ पुस्तक उघडेल तेव्हा त्याला दोनदा वाईट वाटेल.

मतभेद पुस्तकाच्या अंगावर न कोरता त्याच्या शेजारी लिहून ठेवायची रीत आपल्याकडे जुनी आहे. कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’चा आठवा सर्ग शिवपार्वतीच्या प्रणयाचा. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त स्पष्ट म्हटले की हे म्हणजे स्वतःच्या आईवडिलांच्या शृंगाराचे वर्णन करण्यासारखे अनुचित आहे. त्याआधी आनंदवर्धनानेही अनौचित्य मान्य केले, पण कवीच्या प्रतिभेने ते झाकले जाते असे सांगितले. शतकानुशतके कालिदासाला हा बोल लागला. पण मल्लिनाथ टीका लिहायला बसला तेव्हा त्याने आठव्या सर्गावरही तितक्याच तन्मयतेने लिहिले. सातव्या सर्गाशी थांबणे सुचले ते पुढे. राल्फ ग्रिफिथने १८५३ मधले आपले इंग्रजी भाषांतर सात सर्गांवरच आटोपते घेतले. मम्मट, आनंदवर्धन या काश्मीरच्या पंडितांना जे वाईट दिसले ते त्यांनी वाईट म्हणून सांगितले आणि पोथी होती तशी पुढच्याच्या हाती दिली.

याचाच अलीकडचा, आणि फार ताणातून निघालेला, नमुना महाराष्ट्र सरकारच्याच नावावर आहे. १९८७ मध्ये शिक्षण विभागाने डॉ. आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचा चौथा खंड काढला, ‘रिडल्स इन हिंदुइझम’, संपादक वसंत मून. त्यातल्या राम आणि कृष्णावरच्या प्रकरणाने वादळ उठले. शिवसेना आणि मराठा महासंघ यांनी तो भाग गाळण्याची मागणी केली, सरकार डगमगले, खंड मागे घेण्यापर्यंत पाळी आली. मग १९८८ च्या सुरुवातीला मुंबईच्या रस्त्यांवर दलितांचा प्रचंड मोर्चा उतरला. शेवटी निघालेला तोडगा असा की प्रकरण जागेवर राहील आणि त्याला एक टीप जोडली जाईल, की यातल्या मतांशी शासन सहमत नाही. सरकारी टीप कोरडी आहे, मागे भीतीही आहे. पण तिच्यात एक सरळपणा आहे: सही शासनाची आहे, आणि वरचा मजकूर बाबासाहेबांचा आहे. वाचकाला दोन्ही आवाज वेगवेगळे ऐकू येतात. पफिनला एवढे जमले नाही.

न जमण्याचे कारण पैशात आहे. टीप लिहिली तर पुस्तक जुने झाले हे कबूल करावे लागते, आणि डाल जुना होऊन चालणार नाही. त्याच्या पुस्तकांचे हक्क सांभाळणारी कंपनी २०२१ मध्ये नेटफ्लिक्सने विकत घेतली. फेरतपासणी त्याआधीच, २०२० मध्ये, सुरू झाली होती असे कंपनी सांगते. ते खरे धरले तरी माल ताजा ठेवण्याची घाई कोणाला असते ते सांगायला नको. १९९० मध्ये वारलेल्या लेखकावर ब्रिटनमध्ये २०६० अखेरपर्यंत हक्क चालणार. गंमत अशी की डालचे खरे लांच्छन त्या पुस्तकांत नव्हतेच. ते त्याच्या ज्यूंविषयीच्या उघड वक्तव्यांत होते, ज्यांबद्दल कुटुंबाने २०२० मध्ये माफी मागितली. ऑगस्टस ग्लूपचे विशेषण बदलून त्याचे काही होत नाही. एनिड ब्लायटनच्या ‘फेमस फाइव्ह’ची भाषा २०१० मध्ये अशीच आधुनिक करण्यात आली होती. मुलांना ती रुचली नाही, आणि २०१६ मध्ये प्रकाशकांनी निमूटपणे जुना पाठ परत आणला.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ५७ वे कलम लेखकाला एक वेगळा अधिकार देते: हक्क विकले तरी आपल्या कृतीची मोडतोड होऊन नावाला बट्टा लागत असेल तर तो अडवू शकतो, आणि त्याच्या मागे वारसही अडवू शकतात. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे मोडतोड करणारा बाहेरचा होता. मोडतोड हक्कदारच करू लागले तर वाचकाने कोणाकडे जायचे, याची तरतूद नाही. छापील पुस्तकांच्या काळात ती लागतही नव्हती. जुनी प्रत कुठे ना कुठे उरायचीच. अप्पा बळवंत चौकात, फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर, कोणाच्या तरी माळ्यावर. पण डालच्या वेळी ज्यांनी ई-पुस्तके आधीच विकत घेतली होती त्यांच्या यंत्रांतला मजकूरही आपोआप बदलल्याच्या बातम्या आल्या. २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने हक्कांच्या भानगडीवरून गिऱ्हाइकांच्या किंडलमधून ऑर्वेलचे ‘१९८४’ रातोरात काढून घेतले होते. दुसरे एखादे पुस्तक असते तर कोणाला आठवलेही नसते.

साने गुरुजी १९५० मध्ये गेले, आपल्या कायद्याप्रमाणे साठ वर्षांनी त्यांचे लेखन मुक्त झाले, आणि २०११ पासून ‘श्यामची आई’ कोणीही छापू शकतो. छापतातही, पुस्तक प्रदर्शनात टेबलावर तिच्या चार-पाच वेगवेगळ्या वेष्टनांतल्या प्रती सहज सापडतात, काही जाड, काही संशयास्पद पातळ. घेण्याआधी मोळीचा प्रसंग काढून अंघोळ जागेवर आहे का पाहावे. नसली तर मुखपृष्ठ उलटून संपादकाचे नाव शोधावे, आणि तेही नसले तर विक्रेत्याला विचारावे की हे पुस्तक कोणाचे आहे.